मध्यरेषेवरचा हात

पडद्यावर ‘उणे अठ्ठावीस’ हा आकडा उमटला आणि वैजयंती मगदूमने चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा घालून पाहिलं तरी आकडा तोच होता. इचलकरंजीच्या सहा हजार माणसांना आपला कबड्डीचा संघ एखाद्या वाटेवरच्या अनोळखी माणसापेक्षा अठ्ठावीस अंशांनी परका वाटतो, असा त्याचा सरळ अर्थ होता.

“यंत्र बिघडलंय,” ती म्हणाली.

“बिघडलं असतं तर मी सुखानं जेवले असते,” डॉ. नसीम मुजावर म्हणाल्या. “तीनदा तपासलं.”

इचलकरंजीच्या क्रीडागारात पूर्वेकडच्या पायऱ्यांखाली पूर्वी चटया आणि बादल्या ठेवत. तिथे आता श्वासशाळा होती. समोरच्या लांब काचेतून मैदान दिसायचं आणि काचेच्या वर बसवलेल्या पडद्यावर प्रत्येक प्रेक्षक नारिंगी ठिपका होऊन लुकलुकायचा. छताजवळचे श्वासवेधी कॅमेरे नाकपुडीतून निघणारी ऊब टिपत. श्वास सुटला की ठिपका उजळे, कोंडला की विझे. पहिल्या दिवशी यंत्राने सहा हजार खुर्च्यांत सहा हजार दोन ठिपके मोजले, तेव्हा डॉक्टरांनी तासभर डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की काचेमागे बसलेल्या त्या दोघींनाही यंत्राने प्रेक्षकांत धरलं होतं. वगळायचं कसं हे सापडेना, म्हणून तसंच ठेवलं.

संघाचं नाव ‘इचलकरंजी धोटे’. मागाच्या या कडेपासून त्या कडेला धावून परत येणारा धोटा आणि मध्यरेषा ओलांडून गडी टिपून परत येणारा चढाईपटू, ही जोडी वैजयंतीलाच सुचली होती. बारा वर्षं पुण्यात साबण, सिमेंट आणि सहकारी बँका यांना चेहरे देऊन झाल्यावर ती संघाची ब्रँड-प्रमुख म्हणून गावी परतली होती. संघाच्या मालकाला हे गाव निवडायला तिनेच पटवलं होतं, त्यामुळे उणे अठ्ठावीस हा आकडा तिच्याच गळ्यात होता.

मालक उन्मेष रायबागी दुपारी आले. उभ्याउभ्याच त्यांनी पडदा पाहिला.

“डॉक्टर, मला शाळेतल्या पोराला सांगतात तसं सांगा. हे काय मोजता तुम्ही?”

“चढाई सुरू झाली की खेळाडू दम कोंडतो,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “बघणाराही कोंडतो, पण त्याला पत्ता नसतो. सरासरी अकरा सेकंद. रक्तातला कार्बन डायॉक्साइड चढतो आणि मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक गाठ असते, तिला वाटतं जिवावर बेतलंय. मग सगळ्यांचा श्वास एकदम सुटतो. त्या अर्ध्या सेकंदाला आम्ही सुटकाक्षण म्हणतो. त्या वेळी डोळ्यांसमोर जे असेल, त्याच्यावर मेंदू शिक्का मारून टाकतो की हे आपलं.”

“आपला संघ जिंकला तर.”

“नाही. शरीराला गुणफलक वाचता येत नाही. कोंडलेला श्वास सुटला म्हणजे वाचलो, एवढंच त्याला कळतं. कळपातल्या जनावराला संकट टळल्यावर जो पहिल्यांदा दिसतो, तो त्याचा सोबती. आपण अजून त्याच कळपात आहोत, फक्त तिकीट काढून बसतो.”

“आणि शिक्का बसला की?”

“त्याची चूक दिसत नाही. म्हणजे दिसली तरी कानाडोळा करतो असं नव्हे, खरोखरच दिसत नाही. दुकानात हात आपसूक तिकडे जातो. हे तुमच्या-माझ्या आजीलाही ठाऊक होतं. मी त्याला आकडा लावला आणि नाव ठेवलं आपलेपणांक.”

मोजायची रीत साधी होती. मध्यंतरात आणि सामना संपल्यावर मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवायची आणि ती पाहताना डोळ्यांतल्या बाहुल्या किती फाकतात, श्वास किती सैलावतो हे कॅमेऱ्यांनी टिपायचं. कुणाला काही विचारायचं नाही, म्हणजे कुणी खोटं बोलायचा प्रश्न नाही. एक अनोळखी चेहराही दाखवायचा आणि तो शून्य धरून बाकीचे आकडे लावायचे.

“निर्झरच्या चिन्हाचा अंक काय?” रायबागींनी विचारलं.

निर्झर हे शीतपेय संघाचं प्रायोजक होतं. गोलात निळा थेंब हे त्याचं चिन्ह धोट्यांच्या छातीवर होतं. शिवाय चढाईपटूने परत येताना मध्यरेषेला स्पर्श केला, की चटईतले संवेदक ते ओळखत आणि मैदानाभोवतीच्या पाट्या एकदम निळ्या थेंबांनी पेटत. सुटकाक्षण साधण्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

“उणे एकोणसत्तर,” डॉक्टर म्हणाल्या.

रायबागी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते कधीच रागावत नसत आणि म्हणूनच लोक त्यांना घाबरत. “मॅडम, निर्झरची अट तुम्हाला माहीत आहे. हंगाम संपताना थेंबाचा अंक सत्तर झाला तर दहा वर्षांचा करार, आणि संघ इथेच. नाही झाला तर मी सुरतेला जातो. तिथंही माग आहेत, नावसुद्धा बदलावं लागणार नाही.”

ते गेल्यावर वैजयंतीने काचेतून चौथ्या रांगेकडे पाहिलं. त्या रांगेत बावीस नंबरची खुर्ची तिच्या वडिलांची, अण्णांची होती. चौतीस वर्षं मागावर काढल्यावर अण्णांचे दोन्ही कान गेले होते. श्रवणयंत्राने नुसती घरघर वाढायची, म्हणून ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं होतं. लग्नकार्यात ते कोपऱ्यात बसत, देवळात लवकर जाऊन लवकर परतत. फक्त सामन्याचे दोन तास त्यांना ऐकू येण्याची गरज पडत नसे. त्या दोन तासांत ते शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारत, भांडत, हसत. संघ सुरतेला गेला तर हे दोन तासही जाणार होते.

“डॉक्टर, शून्य धरलेला तो अनोळखी चेहरा कुणाचा?” तिने सहज विचारलं.

“कुणाचा नाही. कॅमेरा तपासताना एक गृहस्थ समोर उभे होते, त्यांचाच घेतला. फारच सामान्य चेहरा आहे, कुणाच्या लक्षात राहणार नाही असा.”

त्यांनी चित्र काढलं. साठीचा माणूस, बारीक कातरलेली मिशी, पांढरा सदरा. गळ्यातली शिट्टीची दोरी चित्राच्या कडेला अर्धवट कापली गेली होती.

“अहो, हे केटकाळे सर,” वैजयंती म्हणाली. “मध्यरेषेवरचे पंच.”

पुढच्या सामन्याला डॉक्टरांनी शून्यासाठी संगणकाने रचलेला, जगात नसलेला एक चेहरा घेतला आणि सगळे आकडे ताळ्यावर आले. संघ त्रेसष्ट. हुकमी चढाईपटू सिद्राम बिरादार चौऱ्याहत्तर. निळा थेंब बावीस. आणि तवनाप्पा केटकाळे, निवृत्त क्रीडाशिक्षक, ज्यांचं नावही निम्म्या गावाला माहीत नव्हतं, ते एक्क्याण्णव.

डॉक्टरांना हे मुळीच पटेना. त्यांनी श्वासांचा आलेख सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत ताणून पाहिला आणि तिथे घोळ सापडला. चढाईपटू मध्यरेषेला टेके, पाट्या पेटत, पण सहा हजार ठिपके विझलेलेच राहत. ते उजळत त्यानंतर पावणेदोन सेकंदांनी.

“इतर शहरांत रेषेला टेकलं की श्वास सुटतो,” त्या म्हणाल्या. “शिट्टी वाजते, समालोचक ओरडतो. इथं सगळे कशाची वाट बघतात?”

वैजयंती तो प्रश्न घेऊनच निघाली. घरी अण्णा भाकरी कुस्करत बसले होते. तिने त्यांच्यासमोर बसून लहानपणीच्या खुणांनी विचारलं, चढाई संपली की तुम्ही कुठं बघता?

अण्णांनी भाकरीचा हात पुसला आणि उजवा तळहात वर धरला.

ती खूण तिला चार वर्षांची असल्यापासून माहीत होती. मागाच्या शेडमध्ये शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळी बोलणी हातांनी होतात. दोन बोटांची कात्री म्हणजे सूत तुटलं. अंगठा ओठाला म्हणजे पाणी. आणि उघडा तळहात वर म्हणजे झालं, माग थांबला, आता सुटलो. अर्ध्या प्रेक्षागृहाला शिट्टी ऐकूच जात नव्हती आणि उरलेलं अर्धं त्यांच्याच घरांत ती खूण बघत वाढलं होतं. केटकाळे सरांचा तळहात वर गेल्याशिवाय इचलकरंजी श्वास सोडत नव्हती. ज्या गावाला चेहरा द्यायला वैजयंती आली होती, त्याची एवढी ठळक खूण ती पुण्याला जाऊन विसरली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रायबागींना हे सांगायला दोन मिनिटं लागली. तिसऱ्या मिनिटाला ते म्हणाले, “मग थेंब त्या हातावर हवा.”

केटकाळे सर सकाळी शाळेच्या मैदानावर फक्कीने रेषा आखत होते. डबा हातात धरून ते उलटे चालत, त्यामुळे वैजयंती त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली तरी त्यांना कळलं नाही. रेषा पुरी झाल्यावरच त्यांनी वळून पाहिलं.

“मगदुमाची न्हवं तू? अण्णा बरं हायत?”

“बरे आहेत. सर, एक काम होतं.”

तिने सगळं नीट सांगितलं, एक्क्याण्णवचा आकडाही सांगितला. सरांनी तो दोनदा म्हणवून घेतला. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

“एकोणीस वर्सं झाली त्या रेगंवर. एका माणसानं कदी नाव इच्यारलं न्हाई. घरात तर चा बी मागून घ्यावा लागतोय. आन तू म्हंतीस एक्क्याण्णव.”

“म्हणूनच आलेय. हातमोजे घालायचे, पांढरे. तळव्यावर निळा थेंब. बाकी काही बदलायचं नाही.”

“म्हंजे मी कुणाचा तरी झालो की.”

“दोन्ही हातांत सारखेच मोजे, सर. गुण कुठल्याही संघाला द्या, थेंब तोच दिसणार. निर्णय तुमचाच.”

“त्योच थेंब धोट्यांच्या छातीवर बी हाय,” सर म्हणाले.

वैजयंतीने ते ऐकलं, पण तिचं मन पुढच्या वाक्यात होतं. “सर, थेंब सत्तरला गेला नाही तर संघ सुरतेला जाणार.”

सरांनी फक्कीचा डबा खाली ठेवला. तरुणपणी ते आणि अण्णा एकाच शेडमध्ये दोन वर्षं माग चालवत होते. शाळेत नोकरी लागली म्हणून सरांचे कान वाचले होते. त्यांनी समोरच्या मोकळ्या मैदानाकडे पाहिलं आणि तळहात सदऱ्याला पुसले.

“घालतो. पर एक वचन दे. माजा हात चुकला, तर आदी मला सांगायचं. दुसऱ्या कुणाकडनं कळाय नगो. पंचाला त्येचं त्येला कवाच कळत न्हाई.”

“सांगेन,” वैजयंती म्हणाली, आणि तेव्हा ते तिने मनापासून म्हटलं होतं.

मोजे आले आणि अंक चढू लागला. बावीसचे पस्तीस झाले, मग अठ्ठेचाळीस, मग एकोणसाठ. एक अडचण होती ती फेरतपासणीची. कुणी निर्णयावर दाद मागितली की चित्रण पुन्हा दाखवलं जाई आणि श्वास कुणाचा आत्ता, कुणाचा मग असा विखरून सुटे. वैजयंतीने लीगच्या कार्यालयाला पत्र लिहून या मैदानापुरती फेरतपासणी बंद करून घेतली. पंचांवर विश्वास हे आमच्या ब्रँडचं मूल्य आहे, असं त्या पत्रात वाक्य होतं. तिला ते आवडलंही होतं. पेटणाऱ्या पाट्यांकडे आता कुणी बघत नव्हतं, पण करारात होत्या म्हणून त्याही चालू राहिल्या.

प्रत्येक सामन्याला एका प्रेक्षकाचा चेहरा मोठ्या पडद्यावर झळकवायची टूमही तिचीच. अकराव्या सामन्याला अण्णांचा चेहरा झळकला. अण्णा इतके लाजले की शेजाऱ्याच्या पाठीमागे लपले. काचेमागे वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेराव्या सामन्यानंतर थेंब सहासष्टवर होता. शेवटचा एक सामना बाकी होता. शनिवारी दुपारी डॉ. मुजावरांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला आणि त्याच्याशेजारी एक कागद ठेवला.

“मागच्या तीन हंगामांची चित्रणं काढली. चार बोटांच्या आतले निर्णय, म्हणजे डोळ्याला सहज न कळणारे, तेवढेच वेचले. ते निम्मे आपल्याला, निम्मे समोरच्याला गेलेत. इतकं काटेकोर मी प्रयोगशाळेतही पाहिलेलं नाही.”

“आणि या हंगामात?”

“मोजे येईपर्यंत तसेच. गेल्या चार सामन्यांत असे बावीस निर्णय. त्यातले सतरा धोट्यांना.”

वैजयंतीने कप उचलला नाही. “सर पैसे खाणारे नाहीत.”

“कोण म्हणतंय? चढाई बघताना पंचही दम कोंडतो, मॅडम. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. हात वर नेतो तेव्हा तो सोडतो, आणि त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे त्याचाच तळवा असतो. प्रत्येक चढाईला, सगळ्यांत जवळून. थेंब त्यांचा झालाय. आणि थेंब असलेल्या छातीची चूक त्यांना आता दिसत नाही.”

धोट्यांच्या छातीवरच्या थेंबाबद्दल सरांनी मैदानावर म्हटलेलं वाक्य वैजयंतीला तेव्हा आठवलं. ती उठून काचेपाशी गेली. पुढचा सामना नांदेडशी होता आणि तो जिंकला तरच नांदेड पुढच्या फेरीत जाणार होतं. हे ती जाणत होती. पण सरांना सांगितलं तर ते त्या क्षणी मोजे काढतील, कदाचित शिट्टीही ठेवतील, आणि थेंब सहासष्टवरच राहील. मग संघ जाईल, अण्णांचे दोन तास जातील. एका सामन्यातल्या चार-दोन गुणांच्या मोबदल्यात एका बहिऱ्या झालेल्या गावाचे दहा वर्षांचे दोन-दोन तास. तिने मनाशी हे नीट मांडून पाहिलं आणि तिला ते स्वच्छ, न्याय्य वाटलं.

“एकच सामना राहिलाय,” ती म्हणाली. “त्यानंतर मोजे काढायला मीच सांगेन.”

 डॉक्टरांनी कागद घडी करून खणात ठेवला. एरवी आकड्यांवरून भांडायला उठणारी ही बाई एवढ्या सहज कशी गप्प बसली, याचं वैजयंतीला तेव्हा नवल वाटलं नाही.

रविवारी सकाळी मात्र ती शाळेच्या मैदानावर गेली. सरांनी विचारलं, “काय गं?” ती म्हणाली, “मोजे घट्ट होत नाहीत ना?” सर म्हणाले, आता सवय झाली, काढल्यावर हात उघडा उघडा वाटतोय. ती परत आली.

संध्याकाळी शेवटची चढाई राहिली तेव्हा नांदेड एका गुणाने पुढे होतं. सिद्राम बिरादार दम घेऊन निघाला. श्वासशाळेतल्या पडद्यावर ठिपके विझत विझत गेले आणि सगळा पडदा काळा झाला. सिद्रामने डाव्या कोपऱ्यातले दोघे टिपले, वळला, आणि नांदेडच्या कप्तानाने त्याचा घोटा धरला. मागून आणखी दोघे पडले. तिघांचं ते ओझं ओढत सिद्राम मध्यरेषेकडे सरपटत आला आणि त्याने हात लांबवला. टेकला तर टिपलेल्या-धरलेल्या सगळ्यांचे गुण आणि सामना, नाही टेकला तर सामना नांदेडचा.

सरांचा तळहात धोट्यांच्या बाजूने वर गेला. सहा हजार दोन ठिपके एकदम उजळले.

गलका एवढा झाला की काच थरथरली. चौथ्या रांगेत अण्णा खुर्चीवर उभे होते. मैदानात एकटा नांदेडचा कप्तान गुडघ्यांवर बसून बोट दाखवत होता. तो सरांकडे किंवा सिद्रामकडे दाखवत नव्हता, तर मैदानाभोवतीच्या पाट्यांकडे. कुणी तिकडे पाहिलं नाही.

सामन्यानंतरच्या चित्रांत थेंबाचा अंक एकाहत्तर झाला. पाच मिनिटांत रायबागींचा दोन शब्दांचा निरोप आला, की करार झाला. वैजयंती खुर्चीत मागे रेलली. इतका आनंद तिला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.

“टेकला ना हात?” डॉ. मुजावरांनी विचारलं.

“टेकला की. मला इथून स्वच्छ दिसला.”

“मलाही दिसला,” डॉक्टर म्हणाल्या. “पण पाट्या पेटल्या नाहीत.”

वैजयंतीने काचेतून पाहिलं. पाट्या काळ्याच होत्या. चटईतल्या संवेदकांना स्पर्श झाला असता तर त्या पेटल्या असत्या, हंगामभर एकदाही चुकल्या नव्हत्या. यंत्राला कोंडायला श्वास नव्हता, त्यामुळे त्याला आपलं-परकंही नव्हतं. पाट्या पेटल्या नाहीत हे नांदेडच्या कप्तानाला दिसलं होतं, कारण आजच आलेल्या त्या माणसावर थेंबाचा शिक्का बसायला अजून वेळ होता.

“आपल्या दोघींना दिसला,” वैजयंती हळू म्हणाली. “म्हणजे?”

डॉक्टरांनी खण उघडला. कालच्या कागदाखाली दुसरा एक कागद होता. “आपण दोघी ठिपके आहोत, आठवतंय? यंत्र आपल्यालाही मोजत होतं. ही तुमची ओळ. सिद्राम सत्तर. केटकाळे सर पंच्याऐंशी. अकराव्या सामन्याला दाखवलेले तुमचे अण्णा, अठ्ठ्याऐंशी.”

“आणि थेंब?”

“त्र्याण्णव.”

वैजयंतीला शनिवारचा हिशेब आठवला. गाव, अण्णा, दोन तास, सगळं किती नीट मांडलं होतं. त्या मांडणीत थेंब कुठेच नव्हता, म्हणून तर ती स्वच्छ वाटली होती.

“हा कागद कधीचा आहे?”

“शुक्रवारचा. शनिवारी चहाबरोबर दाखवणार होते, तो राहून गेला.”

“राहून गेला?”

“तेच सांगतेय. मी आकडे कधी विसरत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “माझा थेंब एकोणनव्वद आहे.”

दार ढकलून केटकाळे सर आत आले. बाहेरचा गलका त्यांच्याबरोबर आत शिरला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी दोन्ही मोजे काढून वैजयंतीच्या हातात दिले आणि काहीतरी म्हणाले, ते ऐकू आलं नाही. मग त्यांनी शेडमधल्या जुन्या खुणांनी विचारलं. शेवटच्या निर्णयाकडे बोट केलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि हात सपाट धरून हलवला. बरोबर होता का?

एकोणीस वर्षांत त्यांनी असं कुणाला विचारलं नसावं. उत्तर येईपर्यंत त्यांचा श्वास कोंडलेला होता, हे वैजयंतीला पडद्याकडे न बघताही दिसत होतं. तिने त्यांना वचन दिलं होतं. काळ्या पाट्या तिच्या पाठीमागे होत्या. तिने सिद्रामचा हात पुन्हा एकदा आठवून पाहिला, अगदी प्रामाणिकपणे, आणि तिला तो रेषेला टेकलेलाच दिसला.

तिने हात वर केला. सरांनी श्वास सोडला. त्या हातात त्यांचाच मोजा होता, थेंब त्यांच्याकडे करून, हे तिच्या लक्षात यायला अर्धा सेकंद उशीर झाला.